दुमडलेलं पान

ता. ९ ऑगस्ट

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

ठमीला आज बरी आठवण झाली, असं म्हणशील. आठवण कसली, राग आलाय. तेव्हा चहाचा कप बाजूला ठेव आणि मग वाच.

काल आमच्या अध्यापन वर्गात बाईंनी एक पुस्तिका वाटली. हायस्कुलात एकवीस वर्षं इंग्रजी शिकवणाऱ्या एका शिक्षिकेनं आपली रीत सांगितलीय. म्हणजे तूच! मी शेजारणीला कोपरानं ढोसून सांगितलं, ही माझी सख्खी आत्या. चांगलं मिरवून घेतलं. मग बाईंनी सतरावं पान काढायला लावलं, मोठ्यानं वाचायला घेतलं, आणि पहिल्याच ओळीला माझं मिरवणं संपलं.

माझं नववीतलं पान होतं ते. वर 'एक विद्यार्थिनी' छापलंस, मोठे उपकार केलेस. बाकी सगळं शब्दन् शब्द. बाबांना वाचता येत नाही, घरी आलेली पत्रं मी वाचून दाखवते. शाळेच्या नव्या वाचनखोलीचं दार बाबांनी केलं, म्हणून ते उघडायला तू पत्र लिहून त्यांनाच बोलावलंस. तेवढ्या ओळी मी वाचताना गाळल्या, कारण पुढच्या वर्षी मी त्याच शाळेत येणार होते, आणि बाबा तिथे सगळ्यांसमोर वहीत अंगठा उठवतील याची मला लाज वाटत होती. काल हे ऐकून आमच्या वर्गातली एक म्हणाली, कसली दुष्ट पोरगी असेल ही. मीही मान डोलावली.

आत्या, ते पान दुमडलेलं होतं. तूच सांगितलं होतंस ना, की तासाची पहिली दहा मिनिटं मनात येईल ते लिहा, इंग्रजी जमत नसेल तर घरच्या भाषेत लिहा, आणि जे मी वाचू नये असं वाटेल ते पान मधोमध दुमडा? दुमडलेलं पान उघडणार नाही म्हणजे नाही, असं टेबलावर हात आपटून म्हणाली होतीस. चाळीस पोरींनी तुझ्यावर भरवसा ठेवला. मी तर तुझ्याच घरात राहत होते. केसानं गळा कापलास माझा.

लोभ असावा, असं शेवटी लिहायचं असतं. आज हात होत नाही.

ठमी

ता. १६ ऑगस्ट

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. चहा तसाच राहिला.

मी पान उघडलं, आणि मुद्दाम उघडलं. वही खाली पडली, वाऱ्यानं उलगडली, असलं काही सांगणार नाही. आठ दिवस तू अर्ध्या ताटावरून उठत होतीस, वाटलं पोरीला काय होतंय ते बघावं. त्यानं माझा अपराध कमी होत नाही, हे मला कळतं. छापलं त्याचं तर कारणही धड नाही. एकवीस वर्षांत इतकं खरं माझ्या वर्गात कुणी लिहिलं नव्हतं. माझ्या रीतीमुळे ते लिहिलं गेलं, हे चारचौघांना दाखवायची मला हाव सुटली. शोभलं नाही मला. माफ कर, जमेल तेव्हा.

पण ठमे, आता माझंही ऐक. वाचनखोली उघडायच्या दिवशी पहिल्या रांगेत दादाची खुर्ची मी रिकामी ठेवली होती. तासभर दार उघडू दिलं नाही. मुख्याध्यापक सारखे घड्याळ बघत होते. शेवटी कडी मीच काढली, आणि घरी येऊन पोटभर रडले. दादानं लहानपणीच हातात रंधा घेतला म्हणून मी शिकले. मुलांना मी इंग्रजीचे धडे शिकवते खरे, पण डोक्यात कायम दादा असतो. ज्याला वाचता येत नाही, त्याला दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत बसावं लागतं, आणि ते तोंड काय गाळेल याचा नेम नसतो. आमच्या घरात तर ते तोंड माझ्या लाडक्या भाचीचंच निघालं.

तुला रागवायचं तर पान उघडल्याचं कबूल करावं लागणार, म्हणून गप्प बसले. दादालाही सांगितलं नाही. आता सांगावं म्हणते.

तुझा राग ओसरला नाही तरी पत्र टाकत जा.

आत्या

ता. २१ ऑगस्ट

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

बाबांच्या रिकाम्या खुर्चीचं वाचलं. चुकले गं मी. पण बाबांना सांगू नकोस, पाया पडते. सगळ्या जगानं सतरावं पान वाचलं तरी चालेल, त्यांना कळता कामा नये. मी घरी नसते तेव्हा शेजारच्या शिंपीणबाई त्यांना पत्रं वाचून दाखवतात, तेव्हा पत्रातून तर अजिबातच लिहू नकोस.

सुटीत गेले होते तेव्हा बाबा मजेत होते. चक्क चष्मा केलाय! आता काय लाकूड वाचून तासणार का, म्हणून मी चिडवलं, तर नुसते हसले. तुझ्या जुन्या पत्रांचा डबा फळीवरून खाली काढलाय. वाळवी लागेल म्हणाले.

एवढं गुपित राख, म्हणजे तुझं-माझं मिटलं असं मी धरीन.

ठमी

ता. २ सप्टेंबर

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र माझ्या हातचं आहे. पहिलंच. शिंपीणबाई दोन वर्षं शिकवत आहेत. त्यांच्या मापांच्या वहीवर शिकलो. ठमीला सांगितलं नाही. गंमत करायची होती.

वाचायला तुझी जुनी पत्रं घेतली. ठमीनं वाचलेली म्हणून ती मला पाठ होती. अक्षर अडलं तरी पुढे सरकता यायचं. सहा वर्षांपूर्वीच्या एका पत्रात मला पाठ होतं ते संपलं आणि खाली अक्षरं उरली. वाटलं, माझंच चुकलं. त्या चार ओळींना चार दिवस लागले. शिंपीणबाईंना विचारलं नाही. घरातली गोष्ट.

पोरीला बापाची लाज वाटली. वाटू दे. पण माझ्या समोर बसून वाचलं आणि माझ्या समोरच गाळलं. मी ऐकून तिला शाबासकी देत होतो. ते सोसत नाही. सुटीत आली तेव्हा जिभेवर आलं होतं. पण हसलो.

तुझाही राग आला. एवढी शिकलेली तू. मी आलो नाही तर एकदा विचारायचं होतंस की दादा का नाही आलास. सहा वर्षं मी समजत होतो, बहिणीनं दार ठेवून घेतलं आणि सुताराला विसरली.

लोभ असू दे, असं शेवटी लिहितात म्हणे. माझा होताच.

तुझा दादा

ता. क. त्या पत्रात तू विचारलं होतंस, दार उघडायला येशील ना, कळव. उत्तर द्यायचं राहिलं. आलो असतो.