दसऱ्याला धुतलेली गाडी

प्रिय प्रतापदादा,

फोनवर गाडीचा विषय काढला की तू 'जाऊ दे गं' म्हणतोस आणि फोन वहिनीकडे देतोस. म्हणून लिहिते आहे. कागदावर तरी तुला मला मध्येच तोडता येणार नाही.

तू जीव लावून वापरलेली डिझेल गाडी आम्हाला दिलीस आणि दसऱ्यापासून तिने असहकार पुकारला. पिवळा दिवा लागला, पिकअप गेला, चिंचणीच्या बाजारात तर बंदच पडली. बेटेगावच्या गॅरेजात मशीन लावलं, त्यात एकदम चार सेन्सर खराब दाखवले. दोन बदलले, तरी दिवा तसाच. मग तू आलास तेव्हा मामंजी पाहुण्यांसमोर म्हणाले, "भावानंच बहिणीच्या गळ्यात भंगार बांधलं, आता कुणाला सांगायची सोय नाय." धीरज निदान आपल्या वडिलांना आवरत तरी होता. मी तुझी बहीण, चहाचा ट्रे धरून गप्प उभी.

परवा धीरजबरोबर बोईसरला जितेश मेकॅनिककडे गेले. तो म्हणाला, चार सेन्सर एका दिवशी मरत नाहीत, त्यांची वायर कुठेतरी एक होत असणार. ती शोधत त्याने इंजिनामागचा वायरींचा प्लग उघडला. आत हिरवंनिळं साचून पिना खाल्ल्या गेल्या होत्या. इथे मोरचूद कुठून आलं, असं तो धीरजला विचारत राहिला. मला मात्र विचारावं लागलं नाही.

दादा, दसऱ्याला पूजेआधी गाडी चकचकीत करायची म्हणून मी वाडीतला चिकूच्या फवारणीचा पंप लावला आणि बॉनेट उघडून इंजिनही धुतलं. पंपाच्या टाकीच्या तळाशी बुरशीवर मारायचं मोरचूद उरलं होतं, ते बघायचा आळस केला. वर त्याच इंजिनाला हळदकुंकू वाहिलं. मामंजी बोलले तेव्हा मोरचुदाचं मला ठाऊक नव्हतं, पण दिवा धुतल्यावरच लागला हे पक्कं ठाऊक होतं. तरी तोंड उघडलं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी झाली आणि चोर समोर उभा राहून बघत होता. याची फार लाज वाटते.

आज जेवताना मामंजींना सगळं सांगितलं. ते ताटातच हात धुऊन उठले. रविवारी तू येऊन गाडी परत नेणार, वर मामंजींची माफी मागणार, असं वहिनीकडून कळलं. मला सासरी कुणी बोलू नये, म्हणून. हे पत्र ते थांबवण्यासाठीच. प्लग बदलल्यावर गाडी आता सुरळीत चालते, ती इथेच राहील. तू मात्र नक्की ये. त्या दिवशीच्या सगळ्या पाहुण्यांना मी चहाला बोलावलं आहे. माफी मला मागायची आहे, तुझी, त्यांच्यासमोर.

तुझीच,
कीर्ती