शेजारची विहीर

नंदाखाल, १२ एप्रिल १९९७

संताप आवरत नाहीये. आमच्या विहिरीनं आज पुन्हा तळ गाठला, केळी सुकत चालल्यात. शेजारचा दिगंबर रोज पंप लावून विरारच्या नव्या इमारतींसाठी टँकर भरून देतो. संध्याकाळी त्याला गाठलंच. म्हणाला, "वहिनी, मी माझ्या विहिरीतलं विकतो. तुमच्या विहिरीला हात तरी लावला का?" जमिनीखाली काय कुंपण असतं? झरा दोघांचा आणि कमाई एकट्याची.

वाटलं, हे तरी त्याच्याशी भांडतील. तर हे शांतपणे म्हणाले, "आपण राखलं तरी तोच उपसणार. मग रात्रीतून झरून येईल ते आपणही विकू." त्यांचं म्हणणं खोटं नाही, त्याचीच जास्त चीड येतेय. केळींचं काय, विचारलं तर चपला घालून बाहेर पडले. टँकरवाल्याला त्यांनी उद्या सकाळी बोलावलंय.