तिसऱ्या आणि फिल्टरचं पाणी

१४ जाने.
संक्रांत. सु.ने तिळाच्या लाडवाचा कण जिभेवर ठेवला, बस. फ्रीगंजला डॉक्टरांना भेटून आलो. "अब जो इनका मन करे, खिलाइए." याचा अर्थ मला कळतो.
तिला विचारलं, काय खावंसं वाटतं? म्हणाली, "तिसऱ्या." खाडीतले शिंपले. आमच्या घरात मासळी कधी शिजली नाही. कोकणातली बायको, पण लग्नानंतर तिने नाव काढलं नाही, आणि मीही...

१५ जाने.
मेव्हण्याला, प्रकाशला, फोन. अमावास्येच्या ओहोटीला खाडीत उतरून काढतो, स्वतः घेऊन येतो म्हणाला. सु. उशीला टेकून बसली आणि बोलत सुटली. नदी समुद्राला मिळते तिथला चिखल. तिसऱ्या आत पुरलेल्या, वर नुसती दोन बारीक भोकं. पायाच्या बोटांनी चाचपायचं. भरती आली की त्या खारं पाणी ओढून घेतात, त्यावरच जगतात. बोलताना हसली. किती दिवसांनी.

२० जाने.
प्रकाश आला. ओल्या गोणपाटात पट्ट्यापट्ट्यांचे शिंपले, घट्ट मिटलेले, म्हणजे जिवंत. सु.ने एक गालाला लावून पाहिला. उद्या सकाळी करायच्या ठरलं. प्रकाश थकून झोपला. मला वाटलं, एवढा प्रवास, तहानल्या असतील बिचाऱ्या. बादलीत फिल्टरचं पाणी भरून सगळ्या सोडल्या.

२१ जाने.
सगळ्या उघड्या. बोट लावलं तरी मिटेनात. वास. प्रकाश हळूच म्हणाला, "भावोजी, मीठ तरी घालायचं होतं." मेलेल्या खायला देता येत नाहीत.
दोन पिशव्यांत बांधून कचरागाडीत टाकल्या. शेजारच्यांनी विचारलं, क्या है भाईसाहब? म्हटलं, नारियल के छिलके.
सु.ला सांगितलं. रागावली असती तर बरं झालं असतं. "गोडं पाणी सोसत नाही हो त्यांना," एवढंच म्हणाली आणि माझाच हात धरून बसली. मला रडू आवरेना.

२४ जाने.
प्रकाश आज निघाला. पुढच्या अमावास्येला परत आणतो म्हणाला. सु. म्हणाली, "आणू नकोस. मलाच ने." त्याने माझ्याकडे पाहिलं. मी खाली.
डॉक्टरांना फोनवर विचारलं. "इस हालत में? नहीं साहब."
तरी दुपारी नानाखेड्याच्या बसस्टँडवर जाऊन कोकणाकडच्या स्लीपर बसची चौकशी केली. तिला अजून बोललो नाही. संध्याकाळी पेज दिली. "मीठ घाला जरा," म्हणाली. घातलं. तीन-चार चमचे गेले.