ओटीपी आणि म्हैस

विपुल,

तुझी पाचही खाती अजून माझ्याच मोबाइलला जोडलेली आहेत, हे आज बँकेतल्या प्राप्तीने पक्कं सांगितलं. मला कळू नये म्हणून गुंतवणूक पाच ठिकाणी विखुरलीस आणि सिम हरवतोस म्हणून नंबर सगळीकडे बायकोचा दिलास. त्या लपवाछपवीला कंटाळूनच मी माहेरी आले.

आता सगळी खाती एका ॲपमध्ये बघायला निघालास, तर ओटीपी येतो इथे माझ्या माहेरी, माणगावात. सकाळी तुझ्या आईंचा फोन आला.

"कल्पिता, तो आकडा सांग गो."

"आई, बाजूला कोण सुस्कारे टाकतंय?"

"म्हैस हाय."

हे पत्र टाकणार नाही, नाहीतर उत्तरही आईच देतील. उद्या ओटीपी पुन्हा येईल. म्हशीने स्वतः फोन केला, तर आकडा सांगेन. न्यायला आली, तर ॲप दोघं मिळून बघू.

अजून तुझ्याच खात्यावरची,
कल्पिता