डोळ्यातलं पांढरं

प्रिय चिमणे,

आईला जाऊन दोन महिने झाले, आणि तू अजून तुझ्या दवाखान्याची पायरी चढली नाहीस असं जावईबापू म्हणाले. माझा फोनही उचलत नाहीस, म्हणून हा कागद. तू शाळेत असताना मी तुला लोखंडाची सळई तापवून दाखवली होती, आठवतं? आधी लाल, मग पिवळी, भट्टीत घातली तर पांढरी, आणि आभाळातले सगळ्यांत तापलेले तारे तर निळे. पिवळा उजेड आपल्याला उबदार वाटतो, पण असतो तो कमी तापलेला. तू म्हणालीस, बाबा, म्हणजे सगळं उलटंच की. सातवी नापास माणसाला त्या दिवशी मास्तर झाल्यासारखं वाटलं. पुढे आपल्या फोटो स्टुडिओत तुला एकच धडा दिला. उजेड बहुरूपी असतो, त्याच्यावर विसंबायचं नाही. फोटोत खरं पांढरं शोधायचं आणि बाकीचे रंग त्याच्या मापाने लावायचे. चेहऱ्यात ते डोळ्यात सापडतं.

आईला अंगभर खाज सुटली, जेवण जाईना, तेव्हा तू बजावलंस, भर दुपारी खिडकीशी बसवून डोळ्यांचा फोटो पाठवा, बल्बखाली नको. तसाच काढला. पिवळा आला. मला वाटलं, कॅमेरा सावलीच्या सेटिंगवर राहिला, त्यावर उन्हातला फोटो पिवळाच येतो. रोज डोळ्यांसमोरचं माणूस कणाकणाने बदलतं, ते कळत नाही; दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. कॉम्प्युटरवर तिच्या डोळ्यातल्या पांढऱ्यावर बाण टेकवला, हेच पांढरं धर म्हणून सांगितलं, आणि चेहरा उजळला. मागची भिंत तेवढी निळसर झाली. म्हटलं, रंगाऱ्याने नीळ जास्त घातली असेल. आई बघून म्हणाली, लग्नाच्या फोटोतसुद्धा मला एवढी गोरी केली नव्हतीत. तुझं उत्तर आलं, डोळे स्वच्छ आहेत, काळजी नको. त्या दिवशी ती दोन घास जास्त जेवली.

डॉक्टर असून मला आईची कावीळ दिसली नाही, असं तू घोकत बसतेस म्हणे. अगं, दिसणार कुठून? ती मी पुसून पाठवली होती. पित्ताच्या नळीतला खडा तेव्हा सहज निघाला असता, असं मोठ्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. तुला सांगायला माझी जीभ रेटली नाही. सोबत मूळ फोटो ठेवलाय, हात न लावलेला. आधी भिंत बघ, पांढरीशुभ्र आहे. मग आईचे डोळे बघ. आणि उद्या कामावर जा. माझा फोन नाही उचललास तरी चालेल.

तुझाच,
बाबा