तुम्हांवर की आम्हांवर

रविवार, २ नोव्हेंबर २०२५

चूक झाली. मोठी चूक. उपासना संपताना आशीर्वाद मी म्हटला आणि "आम्हांवर" म्हणायच्या जागी "तुम्हांवर" म्हणून बसलो!

पाळकसाहेब, म्हणजे आमच्या चर्चचे पाद्री, उन्हाळ्यात बदलून गेले. तेव्हापासून साकोलीच्या आमच्या मंडळीला कोणी नाही. वयाने मोठा म्हणून शेवटचा आशीर्वाद माझ्या गळ्यात पडला. पण देवाची कृपा "तुम्हांवर" राहो, हे पाळकानेच म्हणायचं. त्याच्या डोक्यावर हात ठेवून त्याला नेमलेलं असतं. माझ्यासारख्याने "आम्हांवर" म्हणायचं. आपण द्यायचं नाही, सगळ्यांसोबत मागायचं. लहानपणापासून हेच ऐकत आलो. आणि आज जीभ घसरली.

बाहेर चपला घालताना ललिताबाईने धरलंच. "काय जी गोमाजीभाऊ, पाळक कधी झाले? पेढे नाही वाटले!" सगळे हसले.

मंडळीतला तरुण भूपेंद्र मात्र खूश. "बाबाजी, एकदम बराबर बोलले तुमी. असंच म्हणत जा."

घरी येऊन बायकोला, शकुनला सांगितलं. खाटेवरून म्हणाली, "देवाले मालूम हाय तुमची जीभ कशी हाय थे."

सोमवार, ३ नोव्हेंबर

डोक्यातून जात नाही. तो आशीर्वाद लोकांवर गेला की नाही? गेला नसेल तर सगळे रिकामे घरी गेले. गेला असेल तर मी कोण?

गुरुवार, ६ नोव्हेंबर

शकुन आज म्हणाली, "मले प्रभुभोजन पाहिजे. पाळकाच्या हातून." येशूच्या शेवटच्या जेवणाच्या आठवणीची ती भाकर आणि द्राक्षरस, पाळकानेच द्यायचा.

पावसाळ्यात अंगणात पडली, तेव्हापासून खाट सुटली नाही. डॉक्टर म्हणतात हृदय थकलं आहे, आता घरीच ठेवा. मी म्हटलं, नाताळात येईल कोणीतरी. तर म्हणते, "नाताळ मले दिसत नाही."

नागपूरला पाळक नेमणाऱ्या परिषदेच्या कार्यालयात फोन केला. पलीकडचा मुलगा गोड बोलला. "बाबा, माणसंच कमी आहेत. नाताळ होऊ द्या." त्याला नाताळ होऊ द्यायला काय जातं!

रविवार, ९ नोव्हेंबर

आज भूपेंद्र उभा राहून बोलला. जवाहरनगरला नोकरी करतो, दर रविवारी मोटरसायकलने येतो. वाचन दांडगं. बोलतोही छान.

"मंडळीचं मस्तक येशू हाय. मंग वरून माणसाचं मस्तक कायले पाहिजे? दोन डोक्याचं जनावर पाहिलं का कोणी?"

लोक हसले. मग म्हणाला, "पाळक आला का दोन तट पडते. एक त्याच्याकडचा, एक त्याच्या बायकोकडचा!"

हे खोटं नाही. मागच्या पाळकाच्या वेळी दोन घरं एका सतरंजीवर बसत नव्हती.

त्याचं म्हणणं, आता सगळ्यांनी गोल बसायचं. ज्याला वाटेल त्याने वाचावं, वाटेल त्याने प्रार्थना करावी. आशीर्वादाचं कामच नाही, देव देतोच आहे. म्हणजे मी सुटलो! बरं वाटलं. खरं लिहितो, फार बरं वाटलं.

घराच्या वळणावर आठवलं, शकुनला तर पाळकच हवा आहे.

रविवार, १६ नोव्हेंबर

गोल बसलो. आधी कोण बोलणार? सगळे एकमेकांच्या तोंडाकडे. शेवटी भूपेंद्रने बोट केलं, "ललिताबाई, तुमी." गाणं लांबलं तर पुरे म्हणून हात तोच करतो. कोणी कुठे बसायचं, केव्हा उठायचं, तेही त्याच्याकडे पाहूनच.

पुढारी नको म्हणणाराच पुढारी झाला, आणि त्याला पत्ता नाही! बोलावंसं वाटलं. सातवी नापास माणूस, काय बोलणार? सतरंजी झाडली, घरी आलो.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

भूपेंद्रला शकुनचं सांगितलं होतं. आज ड्यूटी करून थेट आला. मनुका उकळून रस केलेला, पोळीचा तुकडा स्वच्छ रुमालात. चांगला पोरगा आहे. शकुन पडली तेव्हा तिला उचलून गाडीत त्यानेच घातलं होतं.

खाटेजवळ गुडघे टेकले. शकुनने तोंड मिटून घेतलं.

"घे न आजी."

"तू पाळक हाय का?"

"आजी, येशूच्या शेवटच्या पंगतीत कोणता पाळक होता?"

"तो होता न स्वतः देणारा! कोणी त देणारा होता."

"देणारा आताही तोच हाय."

"मंग तुले कायले पाठवलं?"

भूपेंद्र हसला. मग हसू गेलं. रुमाल परत बांधला. दारात मला हळूच म्हणाला, "बाबाजी, तुमीच द्या न."

तो गेल्यावर भीत भीत विचारलं, मी देऊ का?

"तुमच्या हातची त रोजचीच पेज हाय. थे जेवण झालं." माझं तोंड पाहून पुढे म्हणाली, "रागावू नका जी. पेज चांगली राहते तुमची."

बुधवार, १९ नोव्हेंबर

भूपेंद्र चुकीचा नाही. शकुनही चुकीची नाही. मग मीच एकटा चुकीचा का वाटतो?

रविवार, ३० नोव्हेंबर

मंडळीने ठरवलं. आम्हाला पाळक नको, असं नागपूरला कळवायचं. भूपेंद्र म्हणाला, "ज्यायले पटते त्यायनं हात वर करा." हात वर गेले. ललिताबाईचासुद्धा! माझे हात मांडीवर.

"चला, सगळ्यायचं एकमत," भूपेंद्र म्हणाला.

माझ्या हातांकडे त्याने पाहिलंच नाही. की पाहिलं? उभं राहून म्हणायला हवं होतं, माझ्या घरी एक बाई वाट पाहते आहे. म्हणालो नाही. ललिताबाई वाटेत म्हणाली, "मनात होतं त बोलले काहून नाही?" मी म्हटलं, तू का बोलली नाहीस? तर म्हणते, "मी तुमच्याकडे पाहून राहिली होती न!"

शुक्रवार, ५ डिसेंबर

चांगली बातमी! गोंदियाकडच्या एका पाळकांचा फोन लागला. पुढच्या शनिवारी येतो म्हणाले. मंडळीला सांगायचं नाही, गुपचूप येऊन भोजन देऊन जातील. शकुनला सांगितलं. लगेच हिशोब सुरू— पेटीतलं पांढरं लुगडं काढा, साहेबाले खुर्ची मागून आणा, खोकला आला त थांबा म्हणा. थंडी वाढली आहे. तिला काही होऊ नये शनिवारपर्यंत.

मंगळवार, ९ डिसेंबर

शकुनला ताप. ललिताबाई बसायला आली तर तिला आपल्या मेलेल्या बहिणीच्या नावाने हाक मारली. मला विचारते, "बैल बांधले का?" बैल विकून किती वर्षं झाली!

शनिवार, १३ डिसेंबर

आले नाहीत. त्यांच्या मंडळीत मयत झाली. मातीलाही पाळकच लागतो. राग कोणावर करू? आवाजावरून तेही रडवेले वाटले. एकटा माणूस, किती गावं!

शकुन पांढरं लुगडं नेसून दिवसभर दाराकडे तोंड करून पडली होती. दिवा लावला तेव्हा तोंड भिंतीकडे वळवलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

सोमवार, १५ डिसेंबर

सकाळी चहात पाव बुडवून खाटेशी गेलो. शकुनने पदर डोक्यावर ओढला. हात जोडले. म्हणाली, "आले का जी पाद्रीसाहेब?"

मी गोमाजी आहे, असं म्हणणार होतो. तोवर तिने डोळे मिटून तोंड उघडलं.

पाव दिला.

आता झोपली आहे. महिनाभरात इतकी शांत झोपली नव्हती. ते प्रभुभोजन झालं, की मी तिला फसवलं? कोणाला विचारू?