ओजसच्या आईची बाजू

ईट, ता. भूम
१२ नोव्हेंबर २०२५, बुधवार

माझ्या शिवराजा,

आधी खुशाली. आमी समदे बरे हाव. तुझ्या बापूंचा गुडघा थंडीनं कुरकुरतोय, पर मेंढरांमागं गेल्याबिगर त्यांना भाकर गोड लागत न्हाय. तांबडी मेंढी परवा जुळं व्याली. ज्ञानेश्वरीचा बारावीचा अभ्यास जोरात चाललाय, म्हंजे तीच तसं म्हणती. परवा चौदाला तुझा वाढदिवस. चोविसावं सरून पंचविसावं लागंल. पुण्यात कुणाच्या तरी संगं बसून गोडधोड खा, उगी वडापाववर भागवू नको.

एवढं फोनवर सांगता आलं असतं, असं म्हणशील. व्हय. पर फोनवर तू "आई, जेवलीस का?" इचारतो, मी "जेवले" म्हणते, की झालं आपलं बोलणं. दुसरंबी एक कारण हाय, ते पुढं सांगते. अक्षराला हसू नको, सातवी पास हाय तुझी आई.

तर, मी 'वीजघराणं' बघते. आता आ वासू नको. तू दर आठवड्याला त्या मालिकेवर मोबाईलमधून बोलतो, लाखभर माणसं ऐकत्यात, मग आईनंच काय कान झाकून घ्यावेत? पयल्यांदा मला वाटलं, ही कसली थेरं! बाप हातातून वीज काढतोय, आजा भिंतीतून आरपार जातोय, पोरगी उडती, अन् घरात कुणाला सर्दी म्हणून होत न्हाय. पर त्या धाकट्या ओजसला कायबी येत न्हाय ना, त्यात माझा जीव अडकला.

आता रविवारी सातला शांतलिंग वाण्याच्या दुकानापुढं अर्धं गाव गोळा होतं. शांतलिंग म्हणतो, घरातला आजाच फितूर हाय, कारण तो चहा पीत न्हाय, अन् चहा न पिणाऱ्यावर इस्वास ठेवू नये. तुझे बापू म्हणत्यात, बापाच्या हातात एवढी वीज हाय तर आधी आमच्या मोटारीला दिवसा लाईट दे म्हणावं. ज्ञानेश्वरीचं म्हणणं, ओजसची शक्ती झोपलीय, शेवटच्या भागात जागी व्हणार.

अन् तुझं म्हणणं, ओजस त्या घरचा न्हायच. रक्त निराळं, म्हणून अंगात वीज न्हाय. परवाच्या रविवारी तू म्हणालास, "ज्या बाईनं एवढी वर्सं हे लपवलं, ती आईच नव्हे. मी ओजस असतो तर त्या घरात परत पाऊल टाकलं नसतं."

म्या ते अकरा येळा ऐकलं. ज्ञानेश्वरी म्हणाली, आई, डोळ्यात पाणी का गं? म्या म्हटलं, चुलीचा धूर. ती म्हणाली, आपल्याकडं गॅस हाय.

तुझा एक इचार चुकला बघ, अन् मेंढरं राखणाऱ्याच्या पोराचा तो चुकायला नको व्हता. मालिकेत शत्रूनं सारख्या तोंडाचे धा ओजस उभे केले, अन् त्याच्या आईनं डोळे मिटून आपला बरोबर हुडकला. तू म्हणालास, ही तिची शक्ती. अरं, कशाची शक्ती! सांजच्याला साठ कोकरं मोकळी सोडली तर हरएक मेंढी आपलं कोकरू वासावर हुडकती. अन् ते तिच्या पोटचंच असावं लागतं असं न्हाय. एखादीचं कोकरू मेलं, अन् दुसरं एखादं बिनआईचं असलं, तर बापू काय करत्यात? मेलेल्याचं कातडं त्या बिनआईच्या अंगावर बांधत्यात. मेंढी आधी ढुशी मारती. मग हुंगती, मग चाटती. एकदा चाटलं की झालं. पुढं कातडं काढलं तरी ती त्याला सोडत न्हाय.

तू सात वर्सांचा असताना इचारलं व्हतंस, "आई, हे आपलं न्हाय, असं तिला कळत न्हाय का?" मी भाकरी थापत व्हते, उत्तर दिलं न्हाय. उत्तर असं हाय, की तिला पयल्यापासून कळतं.

आता लांबण बास. दोन हजार एक साली आमचा तळ परंड्याजवळ एका मळ्यात पडला व्हता, खतासाठी रानात मेंढरं बसवायला. माझं पयलं लेकरू चार दिसांचं व्हऊन गेलं. त्याच आठवड्यात माझी धाकटी बहीण धुरपा बाळंत झाली, अन् दवाखान्याच्या वाटंवरच गेली. तिचं बाळ म्हंजे तू.

आत्याबाईंनी, तुझ्या आजीनं, तुला माझ्या मांडीवर घातलं. म्या तोंड फिरवलं. दोन दिस तू शेळीच्या दुधाच्या बोळ्यावर राहिलास, रडून रडून काळानिळा झालास, अन् मी पाठ करून पडले व्हते. ह्यानं माझी बहीण खाल्ली, असं मनात यायचं. हे म्या तुझ्या बापूंनाबी आजवर सांगितलं न्हाय. तिसऱ्या दिशी आत्याबाईंनी माझ्या गेलेल्या लेकराचं दुपटं काढलं, तुला त्यात गुंडाळलं, अन् माझ्यापाशी ठेवलं. म्या हुंगलं. मग पाजलं.

शाळेत नाव घालताना गुरुजींनी जन्मतारीख इचारली, तवा म्या चौदा सांगितली. जाणूनबुजून. तुझा खरा वाढदिवस आज हाय.

पोराला कुणी बिनआईचं म्हणू नये म्हणून साऱ्या तळानं बिरोबाचा भंडारा उचलून शपथ घेतली, ही गोष्ट तोंडातून काढायची न्हाय. तुझ्या जन्मदात्यानंबी उचलला. तुला दर जत्रंला शिट्टी आणून देणारा रामकिसन काका, तोच. सहा वर्सांमागं त्याला खांदा द्यायला म्या तुलाच पुढं केलं, अन् तू इचारलंस, "मीच का?" तर ते ह्यासाठी.

शपथ तोंडाची व्हती, म्हणून हातानं लिहिलं. बिरोबाला चालंल का, ठाऊक न्हाय. पर मेंढरांचाच देव हाय तो, समजून घेईल.

आता तू. पाऊल टाकायचं नसंल तर नको टाकू, असं लिहिणार व्हते. पर न्हाय लिहीत. ये. रागं भर, भांड, चार दिस बोलू नको, पर इथं येऊन बोलू नको. तीस तारखेला शेवटचा भाग हाय. शांतलिंग टीव्ही दुकानाबाहेर मांडणार हाय, मी तुझं घोंगडं पुढच्या रांगेत टाकून ठेवते. माझी जिंदगी लई चांगली गेली रे तुझ्यामुळं. ओजसच्या अंगात वीज येवो न येवो, त्याच्या आईला त्याची कायबी फिकीर न्हाय, एवढं तुझ्या लाखभर माणसांना माझ्याकडून सांग.

पाकिटात ते दुपटं घातलंय. जुनं हाय, हळू उघड. आशीर्वाद आजचा घे, अन् परवाचाबी घे.

तुझी,
दोन दिस उशिरा झालेली आई,
म्हाळसाबाई